एक छप्पर, अनेक चुली

कानाडुकात्तानच्या एका घराच्या दारात उभं राहिलं की नजर अडतच नाही. ओटा, दार, चौक, पुन्हा दार, दुसरा चौक, त्यामागचा स्वयंपाकाचा चौक आणि सगळ्यांत शेवटी मागच्या रस्त्याचा उजेड. पुढचं दार एका गल्लीत, मागचं दुसरीत. आपल्याकडचे चौसोपी वाडे पाहत मी लहानाचा मोठा झालो, पण अख्खा गल्लीपट्टा पोटात घेतलेलं घर इथेच पहिल्यांदा पाहिलं. आणि या रस्त्यावर अशी घरं ओळीनं उभी आहेत.

तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यातलं हे गाव. भोवतालचा चेट्टिनाडचा मुलूख कोरडा, लाल मातीचा. इथल्या शेतीवर असे महाल उभे राहणं शक्य नव्हतं. पैसा आला समुद्रापलीकडून. नाट्टुक्कोट्टै चेट्टियार, म्हणजेच नगरत्तार, हे सावकारी करणारे लोक. इंग्रजांनी 1852 मध्ये खालचा ब्रह्मदेश जिंकला, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इरावतीच्या मुखाकडच्या भाताला जगभर गिऱ्हाईक मिळालं. जंगल तोडून शेत करणाऱ्या ब्रह्मी शेतकऱ्याला कर्ज हवं होतं, ते चेट्टियारांच्या पेढीनं दिलं. पेढीचा मुनीम साधारण तीन वर्षांसाठी जायचा, तोही बायकामुलांना गावी ठेवून. म्हणजे हे महाल ज्यांच्या कमाईवर उभे राहिले, त्यांतले कित्येक पुरुष वर्षानुवर्षं परमुलखात राहिले. घर चालवलं ते आच्चींनी, चेट्टियार घरच्या बायकांनी.

जहाजांतून पैशाबरोबर सामानही आलं. खांबांना ब्रह्मदेशचं सागवान, जमिनीला इटलीचा संगमरवर, दिवाणखान्यात बेल्जियमचे आरसे. पण मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो भिंतीपाशी. चुन्याचे थरावर थर, शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक, आणि मग घोटाई. हात लावला तर गार, गुळगुळीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. पायाखालच्या फरश्या शेजारच्या आत्तंगुडी गावच्या. त्या भट्टीत जातच नाहीत. साच्यात काच ठेवून तिच्यावर रंग ओततात, वर वाळू-सिमेंट भरतात, मग पाण्यात मुरवून वाळवतात. चकाकी येते ती काचेची. वापरानं ती कमी होत नाही, वाढते.

हे वैभव पाहून लोक फोटो काढतात आणि परत जातात. मला थांबवलं ते मधल्या चौकाभोवतीच्या खोल्यांनी. या चौकाला ‘वळवु’ म्हणतात. भोवतीच्या ओसरीत ओळीनं छोटी छोटी दारं. मुलाचं लग्न झालं की त्याला यातली एक खोली मिळायची आणि त्याच्या बायकोची चूल वेगळी व्हायची. छप्पर एक, देव एक, लग्नकार्य एकत्र. पण तांदूळ, डाळ, भांडीकुंडी ज्याची त्याची. एकत्र कुटुंब म्हणजे एकच चूल, हे आपण गृहीत धरतो. चूल वेगळी झाली की घर फुटलं, असं आपल्याकडे बायका डोळ्यांत पाणी आणून सांगायच्या. इथे चूल आधीच वेगळी केली म्हणून घर टिकलं. लग्न झालेल्या जोडप्याला नगरत्तार ‘पुळ्ळी’ म्हणतात. पुळ्ळी म्हणजे ठिपका, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतला असतो तसा. त्यांच्या नऊ कुलमंदिरांची वर्गणीही पुळ्ळीगणिक ठरते. इतकं साधं, इतकं शहाणपणाचं बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते लाकडाचुन्याचं नाही, माणसांचं आहे.

मग पैसा आटला. 1930 नंतरच्या मंदीत भाताचे भाव कोसळले, कर्ज फिटेना, गहाण जमिनी सावकारांकडे आल्या. 1937 पर्यंत खालच्या ब्रह्मदेशातल्या प्रमुख भातजिल्ह्यांची सुमारे 25 टक्के जमीन चेट्टियारांच्या नावावर होती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा राग विसरून या घरांकडे पाहता येत नाही. 1942 मध्ये जपानी फौजा आल्या, लोक जीव घेऊन परतले. स्वातंत्र्यानंतर ब्रह्मदेशानं जमिनी सरकारजमा केल्या.

काहींनी वेळेवर दिशा बदलली. याच गावात ज्यांचा 1912 चा राजवाडा आहे, त्या अण्णामलै चेट्टियारांनी चिदंबरमला विद्यापीठ काढलं. इंडियन ओव्हरसीज बँक 1937 मध्ये कारैकुडी, मद्रास आणि रंगून इथे एकाच दिवशी उघडली, तीही एका चेट्टियाराचीच.

घरं मात्र वाटता येत नाहीत. एका घराचे वारस डझनांनी, कुणी चेन्नईत, कुणी सिंगापुरात. खोल्यांना वेगवेगळी कुलपं. गळकं छप्पर सगळ्यांचं, म्हणून दुरुस्तीचा खर्च कुणाचाच नाही. लग्नाला, विधीला सगळे येतात, चौक झाडला जातो, चुली पेटतात, आणि चार दिवसांनी राखणदार पुन्हा एकटा. 2014 मध्ये चेट्टिनाडची गावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. काही घरांची हॉटेलं झाली, ती तरी वाचली.

परतताना कारैकुडीच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. दारं, आरसे, तांब्यापितळेची भांडी, सुनांनी माहेरून आणलेली. एका दुकानाबाहेर सागवानी खांब आडवे रचले होते. मी एकावर हात ठेवला. माथ्याला तुळई बसायची ती खाच अजून स्वच्छ होती, धुळीशिवाय. घरातून निघून त्याला फार दिवस झाले नसावेत.