तांड्यावरचा पाहुणा

मसाईमाराहून परतलेल्या आमच्या एका स्नेह्याने जालन्यातील आपल्या दिवाणखान्यात आम्हां चौघांना बसवून छायाचित्रे दाखविली, तेव्हा सिंहांपेक्षाही अधिक वेळ त्याने तांबडी वस्त्रे पांघरून उंच उड्या घेणाऱ्या मसाई तरुणांवर खर्च केला. काटेरी कुंपणाच्या त्या वस्तीत शिरण्यासाठी माणशी पैसे मोजावे लागतात, मग नृत्य होते, झोपडीत डोकावता येते आणि निघताना मण्यांच्या माळा गळ्यात पडतात, हे त्याने मोठ्या रसाने सांगितले. उडी घेणाऱ्याचे नाव काय, असे मी विचारले. ते त्याने विचारलेच नव्हते. मला हसण्याचा अधिकार नव्हता, कारण मंठा तालुक्यातील एका बंजारा तांड्यावर मी पहिल्यांदा गेलो तो असाच, गळ्यात कॅमेरा अडकवून.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक वृद्धा बसली होती. कवड्या, आरशांचे तुकडे आणि झिजलेली जुनी नाणी लावून सजविलेली तिची कांचळी, म्हणजे चोळी, उन्हात अशी लखलखत होती की कोणाला विचारावे-पुसावे याचे भान न राहता मी कॅमेरा रोखला, तिने छांटियाचा पदर पुढे ओढून तोंड झाकले आणि म्हणाली, "फोटू नेशील बाबा, अन् मला कधी दावशील?" मला उत्तर सुचले नाही. एका पोराने मला मुकाट्याने नाईकाच्या घरी नेले. नाईकाने आधी पाणी दिले, मग गाव कोणते, वडील काय करत, येण्याचे प्रयोजन काय, अशी सविस्तर जबानी घेतली आणि शेवटी म्हणाला, "आता खुशाल फिरा."

ही केवळ औपचारिकता नव्हती. नाईक आणि कारभारी हे तांड्याचे परंपरागत अधिकारी. भांडणाचा निवाडा त्यांच्यापुढे व्हायचा, सोयरीक त्यांच्या साक्षीने जुळायची. श्रावणात कुमारिका दुरड्यांत गहू पेरून तीज बसवितात, तीदेखील नाईकाची अनुज्ञा घेऊनच. जेथे घरच्या लेकींना विचारावे लागते, तेथे ज्याला बंजारे 'कोर' म्हणतात अशा परक्याने न विचारता हिंडावे हे कोणत्या न्यायाने? स्वतःला ते 'गोर' म्हणवितात, आणि त्यांची गोरबोली आपल्या मराठीपेक्षा राजस्थानी बोलींच्या अधिक जवळची आहे.

या लोकांना प्रवासाचे अप्रूप ते काय असणार! २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर ज्या इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने जय मिळविला, त्याची दख्खनमधील रसद बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूखभर फिरणाऱ्या याच बंजाऱ्यांवर बव्हंशी अवलंबून होती, आणि त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. त्याआधी मोगलांच्या लष्करालाही त्यांनीच धान्य पुरविले होते. या बैलवाहतुकीला ते लदेणी म्हणत. पक्के रस्ते आणि आगगाडी आली, तशी लदेणी बसली. पुढे इंग्रजी अंमलात १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि ज्यांच्या गोणीवर लष्करे जगली, त्या भटक्या जातींकडे सरकार संशयाने पाहू लागले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात एकाच अंमलाखाली नांदलेले हे लोक आज तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती ठरतात. माणूस तोच, सरहद्द ओलांडली की दप्तरातला रकाना तेवढा बदलतो.

आणि प्रवास संपला आहे असेही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. अशा प्रत्येक जोडप्याला 'कोयता' म्हणतात, म्हणजे हिशेब माणसांचा नव्हे, हत्याराचा. मी गेलो तो जानेवारी महिना. निम्म्या घरांना कुलपे होती, आणि उरलेल्यांत म्हातारी माणसे व त्यांच्या हवाली केलेली शाळकरी नातवंडे. फेटिया (घागरा) आणि कांचळीचा तो साजही आता बहुधा अशा वृद्धांच्याच अंगावर दिसतो. लेकीसुना साड्या नेसतात आणि तो पोशाख तीज किंवा लग्न आले म्हणजे पेटीतून काढतात. रंगीबेरंगी तांडा पाहायचा म्हणून जो जाईल, त्याची निराशा होईल, आणि ती झालेली बरी.

तरीही वाचकांनी अवश्य जावे. श्रावणात जावे, म्हणजे तीज दिसेल. आधी नाईकाकडे जावे, त्याने दिलेले पाणी प्यावे आणि तो विचारील त्याची खरी उत्तरे द्यावीत. छायाचित्र घेतलेच, तर त्याची एक प्रत टपालाने पाठवावी. ओट्यावरच्या त्या याडीने, म्हणजे आईने, मी निघताना तोंडावरचा पदर सारून मला एक घेऊ दिले होते. त्याची प्रत माझ्याकडून अजून गेलेली नाही.