जुने मॉन्स्टर, नवे नियम

१९७७ साली गॅरी गायगॅक्स यांचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ निघालं, तेव्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवर आणि कल्पनेवर चालणारा खेळ जेमतेम तीन वर्षांचा होता. साडेतीनशेहून अधिक प्राणी, भुतं आणि दैत्य त्या एका पुस्तकात दाटीवाटीनं बसले होते. पुढे १९८९, २००३ आणि २०२४ मध्ये नियमांची डागडुजी झाली. २०००, २००८ आणि २०१४ मध्ये तर पायाच नव्यानं घातला गेला. पण एकदा टेबलावर गाजलेला मॉन्स्टर खेळणारे विसरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीनंतर डीएमपुढे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यापुढे, तेच काम येतं. जुना मॉन्स्टर घ्यायचा आणि नव्या नियमांत उभा करायचा.

पहिला मोह आकड्यांचा होतो. जुन्या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवण्याचा आकडा, जितका कमी तितका प्राणी भक्कम. २००० साली हे उलटं झालं. तेव्हापासून वीसमधून जुना आकडा वजा करण्याची युक्ती सगळ्यांना पाठ आहे. ओगर नावाच्या दांडगट दैत्याचा आर्मर क्लास ५ होता, म्हणजे नवा १५. हिशेब बरोबर आहे, पण २०१४ च्या पुस्तकातल्या ओगरचा आर्मर क्लास ११ आहे. जुन्या ओगरचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, सरासरी १९ भरायचे, नव्याचे ५९ आहेत. जुना एका फटक्याला १ ते १० इजा करायचा, नवा सरासरी १३ करतो. २०१४ च्या रचनाकारांनी वार लागण्या-चुकण्याचे आकडे मुद्दाम एका अरुंद पट्ट्यात ठेवले. हेतू असा की नवख्यालाही बलाढ्य शत्रूवर वार करता यावा आणि किरकोळ शत्रूंचा घोळका अनुभवी वीरालाही जड जावा. मग ताकद दिसते ती हिट पॉइंटमध्ये आणि इजेत. केवळ वजाबाकी करून आणलेला ओगर नव्या टेबलावर उगाच वार चुकवत राहतो आणि दोन वार बसले की कोसळतो. त्याची ना भीती वाटते ना मजा येते.

आकड्यांपेक्षा मोठा बदल खेळाच्या उद्देशात झाला. सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः गुहेतून बाहेर आणलेल्या खजिन्यावर मिळत. मॉन्स्टर मारून मिळणारे गुण त्यामानानं तुटपुंजे. शहाणा खेळाडू मॉन्स्टरला वळसा घालायचा, फसवायचा, लाच द्यायचा. ऑर्कच्या नोंदीत ‘३० ते ३००’ हा आकडा छापलेला असे. इतके ऑर्क एका झटापटीत मारण्यासाठी नव्हतेच. ती एक वस्ती होती, तिच्याकडे बघून पुढचं ठरवायचं. टॉम मोल्डवे यांच्या १९८१ च्या ‘बेसिक’ संचात प्रत्येक प्राण्यापुढे त्याच्या धीराचा आकडा असे. दोन फासे टाकून तो टिकतो की पळतो हे ठरायचं. समोर आल्यावर तो हल्ला करतो की बोलतो, तेही फासेच सांगायचे. पुढच्या काळात हे मुख्य नोंदींतून गेलं आणि उरलं फक्त मारायचं शरीर. माझ्या मते मॉन्स्टर नव्या नियमांत आणताना हिट पॉइंटच्या आधी या ओळी परत आणाव्यात. तो किती संख्येनं असतो, केव्हा पळतो आणि त्याला काय हवं असतं, एवढं ठरलं की बाकीचं गणित चुकलं तरी निभावतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण लेव्हल शोषणाऱ्या भुतांचं. १९७७ च्या वाइटचा नुसता स्पर्श झाला की एक लेव्हल गेली, व्हॅम्पायरच्या फटक्यानं दोन. बचावाचा फासा नाही, दयामाया नाही. महिनोन्‌महिने खेळून कमावलेलं एका फटक्यात पुसलं जायचं. त्यामुळे वाइट दिसला की कसलेले योद्धेही जवळ जायला धजत नसत. दुरून बाण मारत, पाद्र्याला पुढे करत, नाहीतर सरळ पळत. २००० साली लेव्हल तात्पुरती बाधित व्हायची आणि चोवीस तासांनी बचावाचा फासा टाकून ती कायमची गेली की वाचली हे ठरायचं. २००८ मध्ये वाइट जखमा भरून काढायची शिल्लक शक्ती खाऊ लागला. २०१४ मध्ये तो कमाल हिट पॉइंट कमी करतो, पण रात्रभर झोप काढली की सगळं जागेवर. हा बदल का झाला ते मला समजतं. आजचं पात्र घडवायला वेळ लागतो आणि त्याच्यामागे सांगण्याजोगी गोष्ट असते. दर आठवड्याला ते अधू करणं क्रूर आहे. पण झोपेनं भरून येणाऱ्या जखमेला कोण घाबरणार? मधला मार्ग नियमांतच सापडतो. ‘ग्रेटर रिस्टोरेशन’ हा स्पेल कमी झालेले कमाल हिट पॉइंट परत आणतो. वाइटची जखम फक्त त्यानंच भरेल एवढं ठरवलं की खेळाडू पुन्हा धनुष्यं काढतात.

रस्ट मॉन्स्टरचीही तीच तऱ्हा. हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांतलं एक विचित्र जनावर गायगॅक्स यांनी टेबलावर ठेवलं आणि त्यातून हा धातू गंजवणारा प्राणी जन्मला. तो कुणाला ठार मारत नाही, चिलखत खातो, आणि पोलादी वेषातला शूर त्याच्यासमोर सगळ्यात आधी पळतो. २००८ च्या आवृत्तीत त्यानं खाल्लेल्या जादुई वस्तूचं सत्त्व त्याच्याच पोटातून परत मिळायचं. भरपाईची ही सोय मला पटत नाही. २०१४ मध्ये जादुई वस्तू वाचतात, पण साधं चिलखत थोडंथोडं खचत जातं आणि शेवटी निकामी होतं. हे उत्तम रूपांतर आहे. घाई आणि धास्ती राहते, पण आयुष्यभराची कमाई जात नाही.

मॉन्स्टर किती धोकादायक हे एका आकड्यात सांगण्याची धडपडही जुनीच. डॉन टर्नबुल यांनी १९७७ मध्येच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात ‘मॉन्स्टरमार्क’ नावाची पद्धत मांडली होती. २००० पासून चॅलेंज रेटिंग हा अधिकृत आकडा झाला. २०१४ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात रेटिंगवरून मॉन्स्टर घडवायचा तक्ता होता, २०२४ च्या पुस्तकात तो नाही. जुने मॉन्स्टर आणणाऱ्यांनी जुनं पुस्तक जपून ठेवावं.

आता आपल्या घरचा राक्षस. १९७७ च्या पुस्तकात तो आहे, आणि चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पिअर यांनी त्याला वाघाचं तोंड, साहेबी कोट आणि पाइप दिला. तो वाल्मीकींकडून आलेला नाही. ‘कोलचॅक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या १९७४ मधल्या एका भागात राक्षस विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन जवळ येतो आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणानं मरतो. पुस्तकातला राक्षस नेमका तसाच आहे. त्याचा आर्मर क्लास उणे ४, म्हणजे वजाबाकीनं २४. २००३ मध्ये तो २१ होता आणि २०१४ मध्ये १६ झाला. हिट पॉइंट मात्र सरासरी ३१ वरून ५२ आणि मग ११० वर गेले. मंतरलेला बाण २००० च्या आवृत्तीपर्यंत त्याला जागच्या जागी मारायचा. २०१४ मध्ये सज्जनाच्या हातच्या जादुई टोकदार शस्त्रानं फक्त दुप्पट इजा होते. बाणाचं ते गुपित शोधत गावोगाव हिंडणं हाच त्या खेळाचा गाभा होता, म्हणून मी तो बाण मूळ रूपातच ठेवतो. उलट २०१४ नं दिलेला शाप ही चांगली भर आहे. राक्षसाच्या नखांनी जखम झालेल्याला दुःस्वप्नं पडतात आणि विश्रांतीचा काहीच लाभ मिळत नाही.

मराठी टेबलावर त्यात आणखी दोन गोष्टी घालाव्याशा वाटतात. आपल्याकडे बिभीषण आहे, हिडिंबा आहे. प्रत्येक राक्षस दुष्टच हा पुस्तकातला शिक्का काढला की त्याच्याशी बोलणी करता येतात. दुसरी गोष्ट रात्रीची. महाभारतात चौदाव्या दिवसानंतरच्या रात्रीच्या युद्धात घटोत्कच आवरेनासा होतो, कारण अंधारात राक्षसांचं बळ वाढतं. नव्या नियमांत हे सोपं आहे. सूर्यास्तानंतर राक्षसाला प्रत्येक हल्ल्यासाठी दोन फासे द्यावेत, मोठा धरावा. मग खेळाडू दिवसाचे तास मोजू लागतात, मुक्कामाची जागा आधी हेरतात, आणि संध्याकाळी दारात आलेला ओळखीचा वाटाड्या आत घ्यावा की नाही यावर त्यांच्यात वाद होतो.