फेक हवी, मान शाबूत हवी

पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटाचं कुस्तीतलं सुवर्ण जिंकलं, तेव्हा अख्खा बीड जिल्हा हरखला होता. त्या वजनाचा मल्ल एक मीटरवरून पडला, तर सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगानं खाली येतो. कठीण भुईवर तो एका सेंटिमीटरात थांबला, तर सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे शंभरपट! मॅट तीन सेंटिमीटर दबली, तर साधारण चौतीसपट. तेल, ताक, हळद घालून मळलेली भुसभुशीत लाल मातीही हेच करते. जत्रेच्या फडात बक्षिसाच्या रकमेआधी माती नीट खणली आहे का, हे बघायलाच हवं.

मानेला मात्र मॅटही पुरत नाही. म्हणून फ्रीस्टाइलमध्ये उंच, धोक्यात टाकणाऱ्या फेकीला 5 गुण असले, तरी पुलावर (डोकं आणि पाय टेकवून पाठ वर उचललेल्या स्थितीत) असलेल्याला उचलून आपटायला बंदी आहे. थरार टिकवायला निष्क्रिय मल्लाला आधी ताकीद, मग 30 सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला 1 गुण.

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलनं 2024 मध्ये किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकला, थरार आणि सुरक्षिततेचं हेच गणित लावलं. खेळाडू जवळजवळ उभे केले. किक मारणारा आणि झेलणारे सोडून बाकीच्यांनी चेंडू पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत हलायचं नाही. धाव आखूड झाली, आणि वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा पावपट उरते.