घरगुती चित्रतबकड्या आणि त्या वाचणारें यंत्र

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गांवीं ज्याच्या कपाटांत एकादी तरी चित्रतबकडी नाहीं असें सुशिक्षित घर आज विरळाच. कोणाकडे थोरल्या मुलीच्या लग्नाची, कोणाकडे नातवाच्या बारशाची, कोणाकडे काळभैरवाच्या यात्रेची, तर कोणाकडे या फुटबॉलवेड्या गांवांत रंगलेल्या एकाद्या सामन्याची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत लग्न पार पडलें कीं, चित्रण करणारा छायाचित्रकार दोन-तीन तबकड्या घरीं आणून देई, आणि त्या लग्नाच्या अल्बमाशेजारीं जपून ठेवल्या जात. त्या तबकड्या आजहि बहुधा तेथेंच आहेत. मात्र त्या पाहण्याचें साधन घरांतून नाहींसें झालें आहे. डी.व्ही.डी. प्लेअर बिघडून माळ्यावर गेला, आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची खांचच उरलेली नाहीं. ही अडचण दूर करणारें एक लहानसें यंत्र बाजारांत मिळतें. संगणकाला बाहेरून तारेनें जोडावयाच्या या यंत्रास ‘एक्स्टर्नल डिस्क ड्राइव्ह’ म्हणतात. तें कशासाठीं घ्यावें, कसें निवडावें आणि कसें वापरावें, हें पाहणें अगत्याचें आहे.

‘कशासाठीं’ हा प्रश्न आधीं घेतलेला बरा. कारण तबकडी पुन्हां एकदां पाहावयास मिळावी एवढाच हेतु धरला, तर यंत्राचा खरा उपयोग हातचा जातो. आपल्याकडील चलच्चित्राचा इतिहास हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांच्यापासून सुरू होतो. त्यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्रण केलें, आणि १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले त्या प्रसंगाचेंहि केलें. तीं चित्रणें आज उपलब्ध नाहींत. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं स्वतः कॅमेरा घडवून मूकपट काढले. त्यांपैकीं १९२५ सालचा गाजलेला ‘सावकारी पाश’ आज पाहावयास मिळत नाहीं. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट होऊन गेले होते. पुढें ८ जानेवारी २००३ रोजीं त्या संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मांच्या कोठारास आग लागली आणि जुन्या रिळांचा मोठा सांठा जळाला. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते चित्रपट तेवढे वांचले. जें चित्र एकाच प्रतींत आणि एकाच ठिकाणीं असतें, त्याचा नाश होण्यास एकच अपघात पुरतो.

घरांतील तबकडीची स्थिति हीच आहे. ज्या आजोबांचा आवाज आतां त्या लग्नाच्या चित्रणांतच उरला आहे, त्यांचा तो आवाज बहुधा एकाच तबकडीवर असतो. आणि छायाचित्रकाराकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वींचें मूळ चित्रण राहिलें असेल, असा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून तबकडी धड आहे तोंच तिच्यांतील चित्र बाहेर काढून त्याच्या प्रती करून ठेवणें, हें या यंत्राचें मुख्य काम होय.

हें काम आज कां करावयाचें तें कळण्यास तबकडीची घडण ठाऊक असावी लागते. चित्रपटगृहांतील चित्रांच्या ज्या तबकड्या कारखान्यांत छापल्या जातात, त्यांत सूक्ष्म खळगे दाबून उठविलेले असतात. घरगुती चित्रणाची तबकडी निराळी. तिच्या पोटांत एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेखनाच्या वेळीं लेसर किरणानें त्यावर ठिपके उमटतात आणि वाचनाच्या वेळीं तेच ठिपके सौम्य किरणानें ओळखले जातात. हें रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनीं हळूहळू उतरतें, आणि त्यामागील परावर्तक थरहि ओलाव्यानें बिघडतो. चांगली तबकडी चांगल्या जागीं अनेक वर्षें टिकते. हलक्या प्रतीची कांहीं वर्षांतच दगा देते. बाहेरून पाहून दोहोंतला भेद ओळखतां येत नाहीं. सी.डी.चा हा थर छापील नांवाच्या बाजूस, अगदीं वरच्या पृष्ठालगत असतो. त्यामुळें त्या बाजूवरचा ओरखडा खालच्या बाजूवरील ओरखड्यापेक्षां अधिक घातक ठरतो. डी.व्ही.डी.चा थर प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्यांमध्यें असतो, म्हणून तो किंचित् अधिक सुरक्षित होय.

आतां निवडीकडे वळावें. घरांत कोणत्या तबकड्या आहेत हें आधीं मांडून पाहावें आणि मगच दुकानांत जावें. व्ही.सी.डी. ही साध्या सी.डी.वर असते व तींत सुमारें ७०० एम.बी. मजकूर मावतो. डी.व्ही.डी.मध्यें एका थरास ४.७ जी.बी. आणि दुहेरी थरास ८.५ जी.बी. मावतो. ब्लू-रे तबकडीच्या एका थरास २५ जी.बी.ची जागा असते. या तिन्हींचे किरण भिन्न आहेत: सी.डी.चा ७८० नॅनोमीटरचा, डी.व्ही.डी.चा ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. यामुळें साधा डी.व्ही.डी. ड्राइव्ह सी.डी. वाचतो, परंतु ब्लू-रे वाचूं शकत नाहीं. बहुतेक घरांतून ब्लू-रे तबकडी नसतेच. अशांना लिहिण्याचीहि सोय असलेला डी.व्ही.डी. ड्राइव्ह पुरेसा आहे. ब्लू-रेच्या महागड्या यंत्रावर पैसे घालण्याचें त्यांस कारण नाहीं.

दुसरी गोष्ट तबकडी घालण्याच्या रीतीची. कांहीं यंत्रांत तबक बाहेर येतें, तर कांहींत नुसती फट असते. फटीचें यंत्र दिसावयास सुबक खरें. परंतु हातांत धरावयाच्या कांहीं जुन्या कॅमेऱ्यांत आठ सेंटिमीटरची लहान तबकडी असे, ती अशा फटींत घातल्यास अडकून बसण्याचा धोका असतो. सबब तबकाचें यंत्र पत्करावें. तिसरी गोष्ट विजेची. लहान ड्राइव्हला वेगळी वीज लागत नाहीं. तो संगणकाच्या यू.एस.बी. तोंडांतूनच ती घेतो. जुन्या प्रकारचें तोंड ५०० मिलिअँपिअर आणि त्यानंतरच्या प्रकारचें ९०० मिलिअँपिअर प्रवाह देतें. प्रवाह कमी पडला तर तबकडी फिरतां फिरतां थांबते, आणि दोष तबकडीचा आहे असें घरच्यांना वाटतें. म्हणून ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडावा. अनेक तोंडांच्या स्वस्त जोडपट्टीला जोडूं नये. नव्या लॅपटॉपला ‘टाइप-सी’ तोंडच असेल, तर तशा तारेचें यंत्र मागून घ्यावें. हा ड्राइव्ह दूरदर्शनसंचाच्या यू.एस.बी. तोंडाला लावून चित्र दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. बहुतेक संच त्यास ओळखत नाहींत. तें संगणकाचें यंत्र आहे.

वापरावयाच्या वेळीं तबकडी कडेनें धरावी. धूळ असल्यास मऊ, स्वच्छ सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसूं नये, कारण गोलाकार ओरखडा मजकुराच्या ओळीस समांतर जातो आणि सलग मोठा भाग खराब करतो. तडा गेलेली तबकडी यंत्रांत कधींच घालूं नये. आंत ती मिनिटास हजारों फेरे घेते आणि फुटली तर यंत्रासहि निकामी करते. तबकडी आंत गेल्यावर ती लगेच पाहात बसण्याचा मोह आवरावा. जीर्ण तबकडीचें पहिलें वाचन प्रत करण्यासाठींच खर्चावें. डी.व्ही.डी.वर ‘व्हिडिओ टी.एस.’ नांवाचा एक फोल्डर असतो; चित्र त्यांत प्रत्येकीं एक जी.बी.पर्यंतच्या तुकड्यांत ठेवलेलें असतें. एकेक तुकडा न उचलतां सबंध फोल्डर संगणकांत उतरून घ्यावा. धड तबकडीस या कामीं पंधरा-वीस मिनिटें पुरतात. नंतर ‘व्ही.एल.सी.’ या विनामूल्य कार्यक्रमानें प्रत लावून ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी.

एकादी तबकडी वाचली गेली नाहीं तरी लगेच निराश होऊं नये. एका यंत्रास न वाचतां येणारी तबकडी दुसऱ्या बनावटीचें यंत्र पुष्कळदां वाचतें. तेव्हां शेजाऱ्याचा ड्राइव्ह मागून पाहावा. कॅमेऱ्यांतील लहान तबकडी कोरी दिसत असेल, तर ती ‘फायनलाइज’ करावयाची, म्हणजे लेखन बंद करून मिटावयाची, राहून गेली असण्याचा संभव असतो. मूळ कॅमेरा चालूं स्थितींत असेल तर त्यांतच ती मिटतां येते. यास्तव जुना कॅमेरा भंगारांत देण्याची घाई करूं नये.

चित्र बाहेर निघालें म्हणजे अर्धें काम झालें. जाणकारांचा साधा नियम असा आहे: तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक हजार जी.बी.च्या हार्ड डिस्कमध्यें ४.७ जी.बी.च्या भरलेल्या दोनशेंहून अधिक तबकड्या मावतात. म्हणजे सगळ्या कुटुंबाचा संग्रह तळहातावर राहतो. परंतु हार्ड डिस्क हातांतून पडली तर तो सगळाच एका क्षणांत जातो, हेंहि लक्षांत ठेवावें. म्हणून दुसरी प्रत नव्या, चांगल्या प्रतीच्या तबकड्यांवर लिहावी. लिहितांना वेग मध्यम ठेवावा, लिहून झाल्यावर पडताळा घ्यावा, तबकडीस कागदी चिठ्ठी चिकटवूं नये, आणि ती उभी, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावी. तिसरी प्रत पुण्या-मुंबईस असलेल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे द्यावी. कोल्हापूर जिल्ह्यानें २०१९ आणि २०२१ सालचे महापूर पाहिले आहेत. पाणी घरांत शिरलें म्हणजे कपाटाच्या खालच्या कप्प्यांतील वस्तूंचें काय होतें, हें हिरण्यकेशीकांठच्या माणसास सांगावें लागत नाहीं. व्हॉट्सॲपवर चित्र धाडलें म्हणजे प्रत झाली, असा समज कोणीं करून घेऊं नये. तेथें चित्र आकुंचित होऊन जातें आणि त्याचा बारकावा परत येत नाहीं.

प्रती ठेवून विसरूनहि चालत नाहीं. खंडेनवमीस घरोघर हत्यारें व यंत्रें बाहेर काढून पुसलीं व पूजलीं जातात. त्याच दिवशीं वर्षांतून एकदां हार्ड डिस्कहि संगणकास लावून, तींतील दोन-चार चित्रें चालतात कीं नाहीं हें पाहण्याचा परिपाठ ठेवावा. दर कांहीं वर्षांनीं जुन्या साधनावरून नव्यावर संग्रह उतरून घ्यावा.

एक काम मात्र कोणतेंहि यंत्र करूं शकत नाहीं. चित्रांत मांडवाच्या कोपऱ्यांत बसलेली ती वृद्ध स्त्री कोण, हळद दळतांना ओव्या म्हणणारा आवाज कोणाचा, हें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच विचारून घेतलें पाहिजे. प्रत्येक चित्राच्या नांवांत साल, प्रसंग व गांव घालावें, आणि सोबतच्या वहींत माणसांचीं नांवें व नातीं लिहून ठेवावीं. नाहीं तर तबकडी वांचेल, चित्रहि स्वच्छ दिसेल, आणि पाहणाऱ्या नातवंडांना त्यांतील एकहि माणूस ओळखूं येणार नाहीं. ड्राइव्ह आणून पहिली तबकडी उतरवावयाची त्या दिवशीं घरांतील सर्वांत वडील माणसास जवळ बसवून घ्यावें, आणि वही हाताशीं असावी.