खानदेशातील रानअळिंबी : ओळख व नोंद

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल मुरली व त्यानंतर चार-दोन दिवस उघडीप पडली, म्हणजे बांधावर, कुरणात, वारुळांच्या आसपास व कुजत पडलेल्या लाकडांवर लहानमोठ्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. त्यांस कोठे अळंबी, कोठे भूछत्र, तर कोठे कुत्र्याची छत्री म्हणतात. थोड्याच दिवसांत त्या कुजून जातात व त्या तेथे उगवल्या होत्या ही माहितीही त्यांबरोबर नाहीशी होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांत कोणती अळिंबी कोठे व केव्हा येते, हे पाहण्याची संधी शिवारात नित्य वावरणारा शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ता ह्यांस सर्वांत अधिक असते. त्यांनी केलेली साधी परंतु पूर्ण नोंद शास्त्रज्ञांस व गावासही उपयोगी पडते.

अळिंबी म्हणजे काय

अळिंबी ही कवक अथवा बुरशी वर्गातील होय. तिच्यात वनस्पतींचे हिरवे द्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. तिचे बारीक तंतू जमिनीत, लाकडात किंवा शेणखतात पसरून तेथील पदार्थ कुजवितात व त्यांवर जगतात. आपणांस दिसणारी छत्री हे त्या तंतुजालाचे फळ होय. छत्रीच्या खालच्या बाजूस पातळ पडदे असतात. त्यांस कल्ले म्हणतात. कल्ल्यांवर असंख्य सूक्ष्म बीजाणू तयार होऊन वाऱ्याने पसरतात.

नोंदीचा उपयोग

दुधी अळिंबी ही मूळची रानटी जात आहे. पश्चिम बंगालमधील ह्या जातीचे शास्त्रीय वर्णन पुरकायस्थ व चंद्रा ह्या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. पुढे तमिळनाडूत तिच्या लागवडीची पद्धत बसविण्यात आली आणि आज ३० ते ३५ अंश सेल्सिअस तपमानात येणारे पीक म्हणून ती घेतली जाते. रानातील एका छत्रीची कोणी तरी नीट दखल घेतली म्हणूनच हे घडले.

दुसरा उपयोग झाडांच्या दृष्टीने आहे. जिवंत झाडाच्या बुंध्याशी कठीण, लाकडासारखी अळिंबी दिसू लागली, तर मूळ अथवा खोड आतून कुजत असण्याचा संभव असतो. बांधावरील बाभूळ किंवा निंब ह्यांच्या बाबतीत अशी नोंद वेळीच सावध करते. तिसरा उपयोग विषबाधेच्या प्रसंगी होतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

कोठे पाहावे

यावल, रावेर, चोपडा व शिरपूर तालुक्यांतील सातपुड्याचा पायथा, साक्री तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग व चाळीसगावकडील अजिंठ्याच्या रांगा ही पाहणीस चांगली ठिकाणे आहेत. साग, सालई, अंजन, खैर व धावडा ह्यांच्या पडलेल्या खोडांवर पंख्याच्या आकाराच्या अळिंब्या आढळतात. त्यांपैकी लहान, करड्या-पांढऱ्या, केसाळ व कल्ले मधोमध चिरलेले असलेली एक जात सर्वत्र दिसते. ती उन्हाळ्यात सुकून आकसते व पाऊस पडताच पुन्हा फुलते. वाळवीच्या वारुळाजवळ येणाऱ्या अळिंबीचा देठ मुळासारखा लांब होऊन थेट वाळवीच्या घरट्यातील बुरशीच्या पोळ्यापर्यंत जातो. शेणखताचे ढीग व उकिरडे येथेही निरनिराळ्या जाती येतात.

यावल व अनेर धरण ही अभयारण्ये असल्यामुळे तेथे वन विभागाच्या परवानगीवाचून काहीही तोडू अथवा उचलू नये. छायाचित्र व टिपण ह्यांवरच काम भागवावे.

नमुना कसा घ्यावा

(१) प्रथम अळिंबी जागेवर असतानाच तिचे वरून, बाजूने व खालून छायाचित्र घ्यावे.

(२) ती ओढून तोडू नये. खुरप्याने भोवतालची माती काढून बुडासह उचलावी. बुडाशी असलेली पिशवी किंवा मुळासारखा देठ मातीत राहिल्यास ओळखीचे मुख्य चिन्हच हरवते.

(३) नमुना कागदात गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो लवकर सडतो. प्रत्येक जात वेगळी ठेवावी व हाताळणीनंतर हात धुवावेत.

(४) एका छत्रीचा देठ कापून ती कल्ले खाली करून कागदावर ठेवावी व वर वाटी पालथी घालावी. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा असावा, म्हणजे कोणताही रंग उठून दिसतो. रात्रभरात बीजाणू पडून ठसा उमटतो.

(५) उरलेला नमुना हवेशीर जागी मंद उष्णतेवर कडकडीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा व त्यावर नोंदवहीतील क्रमांक घालावा.

नोंद कशी करावी

रंग व वास लवकर बदलतात; सबब नोंद त्याच दिवशी करावी. तीत दिनांक, गाव, शिवार, तालुका व जिल्हा; अळिंबी कशावर उगवली व जवळ कोणते झाड होते; ती एकटी होती की घोळक्याने; छत्रीची रुंदी व देठाची उंची सेंटिमीटरमध्ये; छत्री, कल्ले व देठ ह्यांचे रंग; देठावर कडे व बुडाशी पिशवी आहे किंवा नाही; कापल्यावर रंग बदलतो काय; वास; ठशाचा रंग आणि स्थानिक नाव, इतक्या गोष्टी असाव्यात. अहिराणी, भिली अथवा पावरी बोलीतील नाव जसे ऐकले तसेच लिहावे. नाव निश्चित नसल्यास ‘अनिश्चित’ असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ते बरे.

तालुका व गाव लिहिण्याचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानात येईल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदीत केवळ ‘धुळे जिल्हा’ इतकेच असेल, तर तो नमुना नवापूरच्या दमट रानातील की शिंदखेड्याच्या कोरड्या माळावरील, हे आज सांगता येणार नाही.

सावधगिरीची सूचना

ओळखीचा हा अभ्यास रानअळिंबी खाण्यासाठी नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, लसणाचा रंग बदलणे किंवा किड्यांनी अळिंबी खाल्लेली असणे, ह्यांपैकी कोणत्याही परीक्षेने विषारी जात ओळखता येत नाही. गवतात येणारी, मोठ्या पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असलेली एक जात खाद्य जातींसारखी दिसते. परंतु तिचा ठसा हिरवट असतो व ती खाल्ल्यास जोराच्या उलट्या व जुलाब होतात. पांढरे कल्ले, पांढरा ठसा, देठावर कडे व बुडाशी पिशवी ही लक्षणे असलेल्या गटात प्राणघातक जाती आहेत. केवळ ठशावरूनही खाद्य जात ठरविता येत नाही.

विषबाधेचा संशय येताच रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. उरलेली अळिंबी, कच्ची वा शिजविलेली, सोबत न्यावी आणि ती केव्हा खाल्ली व त्रास केव्हा सुरू झाला ह्या वेळा सांगाव्यात. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास विशेष गंभीर समजावा. मधेच एखादा दिवस रोग्यास बरे वाटते, परंतु त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटले तरी त्यास घरी आणू नये.

नोंद कोठे द्यावी

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही ह्यांची तरतूद आहे. गावातील अळिंब्यांची नोंद तीत अवश्य करावी. वाळविलेले नमुने कृषी विज्ञान केंद्रात, धुळे येथील कृषी महाविद्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय असून तेथे कवकांचे वाळविलेले नमुने जतन केले जातात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९७१ साली महाराष्ट्रातील कवकांची सूची प्रसिद्ध केली. अशा सूचीत खानदेशातील गावाचे नाव येण्यास वाळविलेला नमुना व त्याची तारीखवार नोंद, एवढेच साहित्य लागते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात शाळेतील मुलांच्या साहाय्याने एकाच शिवाराची दर आठवड्यास पाहणी करावी व हाच क्रम दोन-तीन वर्षे चालवावा. पहिल्या वर्षी दहा जातींची पूर्ण नोंद झाली तरी ते काम पुरेसे समजावे.