शेतात मोबाईलचा मनोरा उभारण्यापूर्वी

शेतकरी बंधूंनो, रानातील एक-दोन गुंठे जागा द्यावयाची आणि त्या जागेवर नांगरट नाही, पाणी नाही, मजुरी नाही, तरीही महिन्याच्या महिन्यास भाडे घरी यावयाचे, असा प्रस्ताव कोणासही मोहात पाडील. मोबाईलच्या मनोऱ्याचा, म्हणजे टॉवरचा, प्रस्ताव असाच असतो. कोरडवाहू शेतकऱ्यास पावसावर अवलंबून नसलेले हे उत्पन्न मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार जणांस विचारतो. पंधरा-वीस वर्षांसाठी जमीन गुंतविताना मात्र छापील कागद न वाचता सही करून मोकळे होतो. पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक तंट्यांचे मूळ या एका सहीत असते.

प्रथम माणूस ओळखावा

"आपली जमीन टॉवरसाठी निवडली गेली आहे, लाखो रुपये आगाऊ मिळतील, मात्र त्यापूर्वी नोंदणी शुल्क भरावे," असा फोन वा पत्र आल्यास तो फसवणुकीचा प्रकार समजावा. असे भामटे सरकारी शिक्क्याची 'ना हरकत' पत्रेही पाठवितात. दूरसंचार विभाग व दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी वेळोवेळी जाहीर केले आहे की, मनोऱ्यासाठी जागा भाड्याने देण्याच्या व्यवहारात ते जमीनमालकाकडून कोणतेही शुल्क वा कर घेत नाहीत. येथे नियम साधा आहे: भाडे देणाऱ्याने पैसे द्यावयाचे असतात, घेणाऱ्याने नव्हे. कोणी फसला असल्यास लाजेने गप्प न बसता 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

खऱ्या व्यवहारात बहुधा मनोरा उभारणारी कंपनी वेगळी असते आणि मोबाईल सेवा देणारी कंपनी त्यावर आपली यंत्रे बसविते. म्हणून येणारा माणूस कोणत्या कंपनीचा, की केवळ मध्यस्थ, हे लेखी विचारावे आणि कंपनीच्या कार्यालयाकडून त्याची खात्री करून घ्यावी.

जमीन कोणाच्या नावे आहे?

सातबाराचा ताजा उतारा काढून पाहावा. त्यावर भाऊ, बहीण वा आई यांची नावे असल्यास सर्वांची लेखी संमती घ्यावी व भाड्याची वाटणी करारातच नमूद करावी. एकाने सही केली आणि भाडेही एकट्यानेच घेतले, तर घरात दावा उभा राहण्यास वेळ लागत नाही. जमिनीवर बँकेचा वा सोसायटीचा बोजा असेल तर त्यांची संमती लागेल. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

जागा कोठे द्यावी?

जागा शक्यतो रस्त्यालगतच्या कोपऱ्यात, बांधाकडेला द्यावी. मनोऱ्याकडे रात्री-अपरात्री माणसे येणार, जनित्रासाठी डिझेल येणार. वाट शेताच्या मध्यातून गेली तर दरवर्षी उभे पीक तुडविले जाईल. चतुःसीमा, वाटेची रुंदी आणि जमिनीखालून जाणाऱ्या केबलचा मार्ग नकाशावर आखून तो नकाशा करारास जोडावा. केबल नांगराच्या फाळास लागणार नाही इतकी खोल असावी. खोदकामात जलवाहिनी, ठिबकच्या नळ्या वा पिकाचे नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हेही लिहून घ्यावे. वीजजोडणी कंपनीने स्वतःच्या नावे घ्यावी. शेतीपंपाच्या जोडणीवरून मनोऱ्यास वीज देणे हा अनधिकृत वापर ठरतो व त्याचा भुर्दंड शेतकऱ्यावर येतो.

भाडे व त्यातील वाढ

खाजगी जमिनीच्या भाड्याचा दर सरकार ठरवीत नाही. 2023 च्या दूरसंचार अधिनियमानुसार कंपनी व मालक यांनी मोबदला परस्पर संमतीने ठरवावयाचा असतो. म्हणून घासाघीस करण्यात संकोच नसावा. मात्र कंपनीचे काम बहुधा शेजारच्या शेतातूनही भागू शकते, हे ध्यानात ठेवून मागणी माफक असावी. आसपासच्या गावांत मनोऱ्यास काय भाडे मिळते, याची चौकशी आधी करावी.

पहिल्या भाड्याइतकीच त्यातील वाढ महत्त्वाची आहे. समजा, दरमहा 10,000 रुपये भाडे ठरले व त्यात वाढीची अट नाही. तर 15 वर्षांत एकूण 18 लाख रुपये मिळतील. तेच भाडे दर तीन वर्षांनी 15 टक्क्यांनी वाढत गेले, तर एकूण सुमारे 24 लाख 27 हजार रुपये होतील. एका ओळीच्या अटीने सव्वासहा लाखांहून अधिक फरक पडतो. पुढे त्याच मनोऱ्यावर दुसऱ्या मोबाईल कंपनीने यंत्रे बसविल्यास मनोरा कंपनीचे उत्पन्न वाढते. त्यातील काही वाटा मालकास मिळावा, अशी अटही आरंभीच मागावी.

हे भाडे शेतीचे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यास शेती उत्पन्नाची करसूट लागू होत नाही. कंपनीने भाड्यातून कर कापल्यास त्याचा दाखला मागून घ्यावा.

कंपनी निघून गेल्यास?

अनेक छापील करारांत कंपनीस केव्हाही सूचना देऊन जाण्याची मुभा असते, मालकास मात्र मुदतभर बांधून घेतलेले असते. कंपन्या कायम टिकतात असेही नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने 122 दूरसंचार परवाने रद्द केले. 2018 साली एअरसेल ही कंपनी दिवाळखोरीत गेली. यास्तव पुढील अटी अवश्य असाव्यात: किमान सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, मुदतीपूर्वी जाताना पुरेशी आगाऊ सूचना, आणि जाताना मनोरा, कुंपण व काँक्रीटचा पाया काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी. पाया तसाच राहिला तर तो तुकडा पुन्हा लागवडीस येत नाही.

मनोरा आपल्या जमिनीवर असला तरी तो आपल्या मालकीचा नसतो. भाडे थकले म्हणून कुलूप लावणे वा वीज तोडणे योग्य नव्हे. लेखी नोटीस द्यावी. वादाचा निवाडा दूरच्या शहरात नव्हे, तर आपल्याच जिल्ह्यात होईल असे करारात लिहून घ्यावे. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी आवश्यकच आहे. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

आपल्या गावात असा प्रस्ताव आल्याचे कळताच त्या शेतकऱ्याची भेट घ्यावी, करारनामा मराठीत समजावून सांगावा आणि सहीपूर्वी वकिलाचा सल्ला घेण्यास सुचवावे. फसव्या पत्रांची माहिती ग्रामसभेत द्यावी. सही होईपर्यंत शेतकऱ्याचा शब्द चालतो. सही झाल्यावर कागदाचा चालतो. म्हणून मनात असलेली प्रत्येक गोष्ट सहीपूर्वीच कागदावर उतरवून घेणे, हेच शहाणपणाचे होय.