रंगाखालचे काम

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये ज्या आटोपशीर, चार दारांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या, त्यांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाला स्वतःच्या मालकीच्या वाहनाचा पहिला परिचय करून दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. पन्नासच्या दशकातील गोलसर अंगाची ‘अकराशे’, जिची पुढची दारे मागच्या बाजूस बिजागरी असल्याने उलटी उघडत आणि जिला मुंबईकरांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ पासूनची सरळ रेषांची ‘अकराशे डी’. आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली तो दीर्घ काळ, असा हा वंशविस्तार आहे. परवान्यांच्या त्या जमान्यात पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळालेली ही गाडी घरात आली, की तिची पूजा होई, आणि पुढे तिची देखभालही काहीशा पूजेच्याच भावनेने होई. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. परंतु खासगी मालकीच्या कितीतरी फियाटी अजून आवारात, गॅरेजात, कोठे आंब्याखाली ताडपत्री पांघरून उभ्या आहेत, आणि त्यांची नोंदणीपुस्तके आजोबांच्या नावानिशी कपाटाच्या खणात जपून ठेवलेली आहेत.

अशा एखाद्या गाडीला पुन्हा चालती करण्याचे काम आईने किंवा वडिलांनी आपल्या मुलाला वा मुलीला बरोबरीने घेऊन हाती घ्यावे, ही कल्पना मला मनापासून प्रिय आहे. परंतु या कामाविषयी एक भ्रम सर्वत्र आढळतो, तो असा की जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे मुख्यतः तिला रंग देणे. वस्तुस्थिती अशी आहे की नव्याने रंगविलेल्या गाडीवरील सर्व थरांची मिळून जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि त्या थरांखाली जे काही बरेवाईट असेल, ते तो रंग झाकीत नाही, उलट चकाकून अधिकच दाखवितो. श्रम, वेळ आणि विवेक यांचा फार मोठा वाटा रंगाखालच्या कामात खर्ची पडतो; आणि मुलाचे खरे, मानाचे स्थानही तेथेच आहे.

या कामासाठी फियाट विशेष सोयीची आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, एक कार्बुरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा चार गतींचा गिअर, आणि बॉनेट उचलताच नजरेत भरणारी, हाताला सापडणारी सगळी यंत्रणा; तिच्यात संगणक नाही, की झाकून ठेवलेले काही गूढ नाही. ठिणगी कोठे उत्पन्न होते, ती चार सिलिंडरांना क्रमाक्रमाने कोण वाटून देतो, हे डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून बारा वर्षांच्या मुलीलाही दाखविता येते. आणि पॉइंटमधील अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असे अंतर तिने फीलर गेजच्या पातीने स्वतः जुळविले व इंजिनाचा आवाज सुधारला, तर कारण आणि कार्य यांचा संबंध तिला कायमचा समजतो. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील जुन्या मालाच्या दुकानांत किंवा चोरबाजारात हिंडावे लागते, आणि जुना अस्सल भाग व नवा नकली भाग हातात घेऊन, वजन करून, ओळखण्याची कला मुले तेथे आपोआप शिकतात.

प्रारंभी एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून मुलाच्या हाती द्यावा आणि सगळ्या गाडीभर फिरवायला सांगावे. जेथे तो पत्र्याला घट्ट धरतो तेथे पत्रा शाबूत आहे. जेथे तो सैल पडतो किंवा निसटतो तेथे पूर्वी कोणीतरी गंजलेली जागा पुट्टीने बुजवून वर रंग चढविला आहे, असे खुशाल समजावे. अशा जागा बहुधा ठरलेल्या असतात: दारांच्या खालच्या कडा, कारण तेथील पाणी वाहून जाण्याची छिद्रे मातीने बुजतात, चाकांवरच्या कमानी, बॅटरी ठेवण्याचा तळ, कारण तेथे आम्ल सांडते, डिकीची जमीन, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे दारांखालची लांबट पेटी. या मोटारीला निराळी चासी नाही, तिचा पत्र्याचा देहच तिचा सांगाडा आहे; त्यामुळे ही पेटी गंजली, तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणा कमजोर होतो. ती कापण्यापूर्वी गाडीला खालून योग्य ठिकाणी टेकू दिले नाहीत, तर देह किंचित खचतो, आणि मग दारे कितीही ठोकली तरी चौकटीत नीट बसत नाहीत.

गंज म्हणजे लोखंडाचा पाणी आणि प्राणवायू यांच्याशी झालेला संयोग. किनाऱ्यालगतच्या हवेतील मीठ ही क्रिया वेगाने घडवून आणते. उत्पन्न झालेला गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग आतून उचलतो आणि फोड दिसू लागतात. फोड दिसला त्या अर्थी खालची हानी दिसते त्याहून मोठी आहे, हे गृहीतच धरावे. सबब, फोडाच्या भोवती पत्रा उघडा करीत निरोगी, पांढऱ्या धातूपर्यंत जावे, कुजलेला भाग कापून टाकावा आणि तेथे नवा तुकडा जोडावा. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असल्याने गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकडातिकडा होतो. म्हणून कुशल कारागीर तारेच्या विजेच्या वेल्डिंगने, एक टाका येथे तर दुसरा दूर तेथे, मध्ये पत्र्याला थंड होऊ देत, सावकाश जोड पुरा करतो. हे काम जाणत्या डेंटिंगवाल्याकडेच सोपवावे. मात्र मुलाला डोळ्यांवर योग्य गडद काच देऊन काही वेळ ते पाहू द्यावे, कारण हातोडी बाहेरून आणि लोखंडी ठोकळा आतून धरून पोचा उठविणाऱ्या माणसाचे हस्तकौशल्य ही पुस्तकातून कळण्यासारखी गोष्ट नाही.

गाडी उलगडताना शिस्त हवी. प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर आणि क्लिप निराळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागेचे नाव आणि क्रमांक. उलगडण्यापूर्वी प्रत्येक जोडणीचे छायाचित्र. आणि या सर्वांची रोजच्या रोज नोंद असलेली एक वही. ही दफ्तरदारी मुलाकडे असावी असे माझे ठाम मत आहे. मोठी माणसे स्मरणावर विसंबतात. मुले मात्र एकदा अधिकार मिळाला की कारकुनाच्या काटेकोरपणाने तो बजावतात, आणि कित्येक महिन्यांनंतर काचेच्या रबराखालची बारीक पट्टी कोणत्या बाजूची, याचा निर्णय त्यांच्या वहीवरूनच होतो.

आता लांबीकडे वळू. पत्रा सरळ झाला तरी त्यावर सूक्ष्म उंचसखलपणा राहतोच. तो भरून काढण्यासाठी दोन घटकांची पुट्टी, आपले पेंटर जिला लांबी म्हणतात ती, पातळ हाताने लावतात. दोन-तीन मिलिमीटरहून जाड थर लागत असेल, तर पत्र्याचेच काम अपुरे आहे आणि मागे फिरणे शहाणपणाचे, कारण जाड लांबी उन्हातान्हात व हादऱ्यांनी तडकते. ती सुकल्यावर लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या ८० क्रमांकाच्या कागदाने, मग १८० च्या, असे घासत जायचे, त्यावर प्राइमर, आणि प्राइमरवर काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा. हा काळा फवारा मला या साऱ्या विद्येतील सर्वांत प्रामाणिक साधन वाटतो. ठोकळ्याने घासू लागले की जेथे पृष्ठभाग सम आहे तेथील काळेपणा पुसला जातो, आणि जेथे खळगा आहे तेथे तो तसाच राहतो. जेथे उंचवटा आहे तेथे प्राइमर झिजून खालचा पत्रा डोकावू लागतो. कोणी कोणास दोष दाखवावा लागत नाही, वडिलांनी आवाज चढवावा लागत नाही, गाडीच सांगते. लहान मुलाच्या बोटांना तर यापुढचेही कळते: डोळे मिटून तळहात पत्र्यावरून लांब, सपाट फिरविला, तर नजरेला न दिसणारी लाट हाताला जाणवते, आणि ही जाण मोठ्यांपेक्षा मुलांत पुष्कळदा अधिक तल्लख असते. पाणी घालून ४०० च्या, मग ६०० वा ८०० च्या वॉटर पेपरने घासण्याचे हे काम कंटाळवाणे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ते कोणाच्या तरी सोबतीने, गप्पा मारीत करून पाहावे. या कामाला कान आणि जीभ लागत नाहीत. पौगंडावस्थेतील मुलगा समोरासमोर बसून जे बोलणार नाही, ते तो शेजारी उभा राहून, नजर दारावर ठेवून, सहज बोलतो.

येथे एक इशारा अत्यंत गंभीरपणे दिला पाहिजे. जुन्या रंगांत व प्राइमरांत शिसे असण्याचा संभव फार, आणि शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. तो रसायनाने सोडवावा किंवा पाण्याखाली घासावा, निघालेला चिखल वेगळा गोळा करावा, आणि जुना थर पुरता निघेपर्यंत मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

प्रत्यक्ष रंगाचा इतिहासही मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी तेलाच्या रंगांनी व वार्निशांनी रंगवीत, आणि थर सुकण्यास आठवडे लागत. अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीने कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची प्रक्रिया करून बनविलेला ‘ड्युको’ नावाचा लॅकर तयार केला, आणि १९२४ च्या ओकलँड मोटारीवर तो निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि मोटारींना रंगांची विविधता लाभली. आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या कोणत्याही चकचकीत रंगास अजून ड्युको म्हणतात, तो याच पूर्वजाचा वारसा. हा लॅकर द्रावक उडून जाऊन सुकतो, आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प साकळते आणि रंग दुधाळ, निस्तेज होतो. म्हणूनच कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात रंगकाम काढणे म्हणजे श्रमांची नासाडी. कार्तिकापासून माघापर्यंतचा कोरडा काळ त्यास उत्तम, आणि घाटावर तर तो अधिकच अनुकूल.

आज बहुतेक पेंटर हार्डनर मिसळून लावायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग वापरतात. तो टिकाऊ आणि तेजस्वी खरा, परंतु त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट द्रव्ये श्वासावाटे शरीरात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क त्यांना मुळीच अडवीत नाही. फवारणीच्या वेळी मुलाने त्या जागेत असता कामा नये, आणि घरच्या गॅरेजात हौसेखातर हा प्रयोग वडिलांनीही करू नये. हवा खेचून बाहेर टाकणारी बंदिस्त खोली, स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा आणि अनुभवी हात जेथे आहेत, अशा ठिकाणी गाडी पाठवावी. मुलाला फवाऱ्याची गोडी लागली असेल, तर एखाद्या टाकाऊ पत्र्यावर गनमध्ये नुसते पाणी भरून त्याला हात बसवू द्यावा: गन पृष्ठभागाशी काटकोनात, वीतभर अंतरावर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला, आणि मनगट न वळविता सगळा हात समांतर नेलेला. अंतर कमी झाले की ओघळ येतात, आणि वाढले की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो; यांपैकी ओघळ तर पाण्यावरही दिसतात.

रंग कोणता द्यावा, याविषयी घरोघरी वाद होतो. मूळ रंगाचा शोध घेणे मी श्रेयस्कर मानतो. डॅशबोर्डच्या पाठीमागे, दारांच्या गाद्यांखाली, डिकीच्या अस्तराआड, जेथे ऊन आणि नंतरचे पेंटर पोहोचले नाहीत, तेथे कारखान्यातला रंग सापडतो, आणि तो सापडण्याचा आनंद मुलाच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो. शिवाय नोंदणीपुस्तकात रंगाची नोंद असते. तो बदलायचा तर परिवहन कार्यालयातून तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा करू. मालक दिवंगत झाले असल्यास वारसाने ३१ क्रमांकाच्या नमुन्यात हस्तांतरणाचा अर्ज करावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही दोन अक्षरे. मात्र चासी, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यांपुरतीच तिला रस्त्याची मोकळीक. ज्यांना रविवारी सहकुटुंब सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे आहे, त्यांनी नेहमीच्या नोंदणीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरणच पत्करावे हे उत्तम.

एवढे श्रम केलेल्या मुलाला ती चालवून पाहण्याची इच्छा होणारच, आणि ती न्याय्यही आहे. परंतु अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर तिचे चाक त्याच्या हाती देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा अशा प्रसंगी पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड सांगतो. तोवर करण्याजोगे पुष्कळ आहे: ताजा रंग पुरता वाळेपर्यंत पहिले दोन-तीन महिने मेण न लावता नुसत्या पाण्याने धुणे, पावसाळ्यापूर्वी दारांची छिद्रे तारेने मोकळी करणे, आणि ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेत असल्याने ते दर दोन वर्षांनी बदलणे. ही सर्व कामे, त्यांच्या तारखांसह, त्याच वहीत त्याच्याच हस्ताक्षरात चढवीत जावीत.